उरलेली माती

१

घटस्थापना दोन दिवसांवर आली तरी सरलाबाईंकडे माती नव्हती. सुरतेच्या लिंबायतमध्ये बाकी सगळं मिळतं. जरीच्या साडीपासून स्कूटरच्या सीटपर्यंत काय हवं ते दारात येऊन देतात. पण देवीच्या घटाला घालावी अशी ओंजळभर चांगली माती मिळत नाही. जिथे सिमेंट नाही तिथे चिंध्या, आणि जिथे चिंध्या नाहीत तिथे गटार.

योगिताच्या माहेरी, पारोळ्याला, हा प्रश्नच नव्हता. सकाळी शेतात जायचं, टोपली भरायची. पण चार महिन्यांची नवी सून "आमच्याकडे ना" असं म्हणून वाक्य सुरू करत नसते, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. ती बीएस्सी होती, वनस्पतिशास्त्र घेऊन. सासरी त्या पदवीचा आजवर एकच उपयोग झाला होता. सासूबाई तुळशीला फार पाणी घालत, त्यावर मत न देता गप्प राहायला जी एकाग्रता लागते, ती तिच्याकडे होती.

माती अखेर तिच्या नवऱ्याने, ललितनेच आणली. म्हणजे आली ती त्याच्या कामावरून.

इमारतीच्या मागे, पश्चिमेला, एक बंद पडलेली डाईंग मिल होती. मिल पाडून झाली होती, पण तिने तीस वर्षं जमिनीत सोडलेला रंग तसाच होता. बोअरचं पाणी कधी गुलाबी यायचं, कधी पिवळं. आता सरकारी निधी मंजूर झाला होता: विषारी माती उपसायची, चांगली भरायची, मग तिथे बाग आणि शाळा. ललित त्या ठेकेदाराकडे सुपरवायझर होता आणि याच इमारतीतले आणखी पाच जण त्याच्या हाताखाली होते.

शेवटचा खड्डा रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदाचा. तो उपसून झाला त्या रविवारी कार्यक्रम झाला. बारडोलीकडच्या शेतातून आणलेली काळी माती चाळून, तपासून, मोठ्या परातीत ठेवली होती. पाहुणे हौदाच्या काठावर रांगेत उभे राहिले. एकेकाने मूठभर माती उचलून आत टाकली, मान खाली घातली, फोटो काढला. पाठोपाठ एक डंपर रिकामा केला. योगिता स्वयंपाकघराच्या मागच्या गॅलरीतून बघत होती. खानदेशात कुणी अंत्ययात्रेला जात नाही, मातीला जातात, आणि तिथे शेवटी असंच करतात. काठावर उभ्या ललितसकट सहा जणांनी नकळत डोक्यावरची पिवळी हेल्मेटं काढून हातात घेतली होती. तिला हसू आलं. मग ते हसू कुठे ठेवावं तेच कळेना.

परातीत माती उरली. ती सहाही घरांनी वाटून घेतली.

"सरकारनी तपासेल माटी शे," सरलाबाई कौतुकाने म्हणाल्या. "हिनापेक्षा सोवळी कोठे भेटी?"

२

तिसऱ्या माळेला गहू उगवला. घट स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पितळेच्या परातीत ती माती पसरून बसवला होता, मागच्या भिंतीला लागून. समोर पूर्वेची खिडकी, उजव्या हाताला समई.

चौथ्या माळेला सकाळी पाणी शिंपडताना योगिताचा हात थांबला. कोंब दोन बोटं उंच झाले होते आणि सगळे एका बाजूला कलले होते. भिंतीकडे.

रोप उजेडाकडे वळतं. हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं, तिने तर त्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. खिडकीकडे वळावं, फार तर समईकडे. भिंतीकडे वळायला भिंतीत होतं काय? दोन वर्षांपूर्वीचा ऑइलपेंट.

तिने स्वतःला समजावलं की परात कुणीतरी फिरवली असेल. घट बसला की हलवायचा नसतो, त्यामुळे असं करणारं घरात कुणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी. मग सासूबाई आंघोळीला गेल्यावर तिने स्वतःच परात अर्धी फिरवली. देवीला मनातल्या मनात सॉरी म्हटलं. कोंब आता खिडकीकडे वाकलेले दिसत होते, शहाण्या मुलांसारखे.

ती भाजी निवडायला बसली. गवार मोडून होईपर्यंत पाठ घटाकडे होती. अर्धा तास झाला असेल. वळून पाहिलं तर कोंब पुन्हा भिंतीकडे होते.

अर्ध्या तासात गहू असा वळत नाही. तिला प्रयोगवहीतले आकडे आठवत होते. तिने मोडलेल्या गवारीचे तुकडे मोजले, उगाचच.

३

त्या कोपऱ्याची आणखी एक गोष्ट होती. ती तिच्या फार उशिरा लक्षात आली, कारण ती ऐकू येण्याची नव्हती, न येण्याची होती.

तळमजल्यावर लूम चालतात. खटखट खटखट, सकाळी सातपासून. लग्न होऊन आली तेव्हा पहिला आठवडा तिचं डोकं दुखलं, मग तो आवाज घराचाच एक भाग झाला. पाचव्या माळेला ती माळ बांधायला कोपऱ्यात वाकली आणि खटखट थांबली. तिला वाटलं, लाइट गेली. मागे सरकली तर खटखट होतीच. पुन्हा पुढे वाकली. शांतता. कानात बोळा घालावा तशी नाही. विहिरीत डोकावल्यावर वरचं जग जसं दूर जातं, तशी.

ती तीन वेळा पुढे-मागे झाली. दारातून बघणाऱ्याला वाटलं असतं, सून फारच भाविक आहे.

दुपारी हळदीकुंकवाच्या निमित्ताने ती समोरच्या शोभाबाईंकडे गेली. त्यांचा नवरा विकास ललितबरोबरच कामाला होता. त्यांच्या घटाचे कोंबही पश्चिमेला झुकले होते, पण त्यांची खिडकीच पश्चिमेला होती. शोभाबाईंना त्यात काही नवल वाटत नव्हतं. योगिताला हायसं वाटलं. पाच मिनिटंच.

कारण मग ती तिसऱ्या मजल्यावर भाईदासआबांकडे गेली. आबांनी त्या मिलमध्ये बावीस वर्षं कापड रंगवलं होतं. त्यांच्या नखांच्या मुळाशी अजून निळी रेघ होती. त्यांचा मुलगाही आता तिथेच माती उपसत होता. आबांच्या घटाचे कोंब पश्चिमेला तर झुकलेच होते, पण ते परातीच्या काठावरून खालीही लोंबत होते. काठावर पोट टेकून खाली बघावं, तसे.

आपल्या पहिल्या मजल्यावरून जवळजवळ सरळ. तिसऱ्यावरून खाली. तिने मनात दोन रेषा ओढल्या. भूमितीत तिला कधी फार गती नव्हती, पण त्या रेषा कुठे मिळतात हे कळायला गतीची गरज नव्हती.

"आबा, हे असं का?" तिने विचारलं.

आबा पानाला चुना लावत राहिले. त्यांनी घटाकडे पाहिलं नाही. त्यांची खुर्चीच दुसरीकडे तोंड करून होती, हे तिला आता दिसलं.

"माटी दिधी का मांगे दखानं नही," ते म्हणाले. "तुम्ही तर उचलीसन घर लयी उनात."

"आबा, तो तर सरकारी कार्यक्रम होता."

"मूठमाती दिधी ना?" आबा म्हणाले. "मंग. ज्याले दिधी, त्यानी व्हयनी ती."

४

सहाव्या माळेच्या संध्याकाळी ललित वैतागून घरी आला. एरवी तो दारातूनच "बॉटनी, चहा" अशी हाक मारायचा. लाडाचं एवढंच नाव त्याला सुचलं होतं, आणि तिला ते मनापासून आवडायचं. आज त्याने नुसतेच बूट काढले.

हळूहळू त्याने सांगितलं. निधीचा पुढचा टप्पा अडला होता. हौदाच्या तळाची माती स्वच्छ आहे असा दाखला हवा होता, आणि तो नमुना घ्यायच्या आधीच साहेबांनी कार्यक्रम उरकून घेतला होता. आता वरून समिती येणार होती, उद्याच. आज मशीनने नमुना काढायला गेले, तर नळी चार वेळा खाली गेली आणि चारही वेळा रिकामी वर आली.

"म्हणजे दगड लागला?" योगिताने विचारलं.

"दगड लागला असता तर अडली असती. ती जातच राहते." त्याने हाताने दाखवलं, दह्यात चमचा जावा तसं. "आणि आपण टाकलेली काळी माती आहे ना, सगळ्यांच्या मुठी, वर एक डंपर? ती खाली दिसतच नाही. नुसता ओला तळ. चाटून-पुसून घेतल्यासारखा."

सरलाबाईंनी त्याला अभद्र बोलू नको म्हणून दटावलं.

मशीनने होत नाही, तर हाताने करायचं ठरलं होतं. उद्या साडेअकराला, समितीसमोर, ललित शिडीने उतरणार आणि खुरप्याने बरणी भरून आणणार. हौद खोल तो काय, पंधरा फूट. गरज पडली तर बाकीचे पाच जण मदतीला उतरतील.

योगिताने कोंबांचं सांगितलं. परात फिरवल्याचं, आबांकडचं, सगळं. खालच्या आवाजात, गॅलरीत नेऊन. बोलताना तिचं तिलाच ते इतकं पोरकट वाटत होतं की शेवटचं वाक्य तिने अर्धवट सोडलं. ललित हसला नाही. त्याने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाला, की नमुना गेला नाही तर काम बंद, सहाही जण घरी, आणि मागे हा उघडा खड्डा कायमचा. गेला तर शाळा होईल.

"आपलीच पोरं जातील तिथे," तो म्हणाला. "खिडकीतून हाक मारशील. डबा विसरला म्हणून."

एवढं पुढचं त्याने पहिल्यांदाच बोलून दाखवलं होतं.

५

सातव्या माळेला सकाळी तिने त्याला एकदाच सांगितलं. भाकरीचं पीठ मळता मळता, वर न बघता.

"आज नका उतरू."

"मी नाही तर विकास उतरेल. त्याने उतरावं का?"

शोभाबाईंना दोन मुली होत्या. ललितने डबा घेतला, आईच्या पाया पडला, घटाला हात जोडले. तो वाकला तेव्हा तिने कोंबांकडेच डोळे लावले होते. ते वीतभर झाले होते, पिवळट, आणि भिंतीला टेकले होते. ऑइलपेंटवर त्यांच्या टोकांचे बारीक ओले ठिपके उमटले होते.

तो जिना उतरला. शेवटच्या पायरीवर त्याचा बूट नेहमी घसरायचा, तसा आजही घसरला. मग गेटचा आवाज.

सव्वाअकराला सासूबाई शोभाबाईंकडे सवाष्णीच्या जेवणाला मदत करायला गेल्या. घरात योगिता आणि घट.

तिने विचार केला तो सरळ होता. माती ज्याची आहे, त्याला परत द्यायची. मागच्या गॅलरीतून फेकली तर कुंपणाच्या आत पडेल. सासूबाई काय म्हणतील, दसऱ्याआधी घट मोडला तर गल्ली काय म्हणेल, याचा हिशेब तिने नंतरवर टाकला. हे सगळं खोटं असेल तर फार तर तिला मूर्ख ठरवून पारोळ्याला पाठवतील. खरं असेल तर पंधरा मिनिटं होती.

कोपऱ्यात पाऊल टाकलं आणि लूमचा आवाज गेला.

६

परात हलली नाही.

जड होती असं नाही. कुणीतरी खालून धरून ठेवावी तशी होती. तिने वरचा घट बाजूला काढून ठेवला, नारळ काढला. मग कडेचा एक कोंब बोटात धरून उपटला.

तो सहज आला. खाली मूळ होतं, पांढरं, दोऱ्यासारखं. तिने ओढलं. मूळ येत राहिलं.

परातीत माती चार बोटं. मूळ वीतभर आलं, मग हातभर. ओलं होतं आणि गार, आणि त्याला डाईंगच्या पाण्याचा तो वास होता, जो कपड्यांतून जात नाही. तिचा हात खांद्याच्या वर गेला, तरी मूळ परातीतून निघतच होतं. तिने ते मनगटाला गुंडाळलं. एक वेढा, दोन, पाच. गव्हाचं मूळ इतकं लांब असू शकतं का? असू शकतं, शेतात, चार-पाच महिन्यांनी, खोल जमिनीत. तिची पदवी अजून उत्तरं देत होती. पितळेच्या परातीत, सातव्या दिवशी, पहिल्या मजल्यावर? इथे पदवी गप्प झाली.

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते.

मनगटावरचे वेढे घट्ट झाले.

आधी तिला वाटलं, आपणच ओढतोय. ती स्थिर उभी राहिली. श्वाससुद्धा रोखला. आणि मूळ सावकाश मागे गेलं. हिसका नाही, घाई नाही. पलीकडच्या टोकाला कुणीतरी होतं आणि त्याने दोरा आपल्याकडे घेतला, विहिरीतला पोहरा घेतात तसा, हातावर हात. एक वेढा सुटला. दुसरा सुटला. शेवटचा सुटताना कातडीवर बारीक गुलाबी रेघ राहिली. मूळ मातीत गेलं, त्यामागून कोंब गेला, आणि माती वरून पुन्हा सपाट झाली.

तिने ती रेघ अंगठ्याने पुसून पाहिली, गेली नाही.

भिंतीला टेकलेले कोंब एकदम सुटे झाले. थरथरले. आणि सगळेच्या सगळे ताठ सरळ उभे राहिले, छताकडे टोकं करून. आता त्यांना कुठेच बघायचं नव्हतं.

मागच्या मैदानावरून कुणी ओरडल्याचा आवाज आला नाही. कसलाच आवाज आला नाही. तिला तेच नको होतं.

७

गेट वाजलं तेव्हा अकरा चाळीस झाले होते. जिन्यावर पावलं. त्या खालच्या पायरीवर कुणी घसरलं नाही.

दारात ललित उभा होता.

त्याला बघून तिच्या तोंडून हुंदका निघाला. ती धावणारच होती. पण ती मुळात बघणारी मुलगी, आणि पाय उचलण्याआधी डोळ्यांनी आपलं काम केलं होतं. शर्ट स्वच्छ. पँट स्वच्छ. पायात बूट नव्हते, आणि पायसुद्धा स्वच्छ होते, टाचांच्या भेगांसकट. ज्या हौदात तीस वर्षं रंग मुरला, त्यात हा दहा मिनिटांपूर्वी उतरला होता. रोज आंघोळ करूनही त्याच्या नखांत काळं राहायचं. आज नखं तान्ह्या बाळाची असतात तशी होती.

"झालं," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता. "तळ लागला."

"तुम्ही... धुवून आलात का?"

तो जरा थांबला. प्रश्न समजून घ्यायला लागतो तेवढाच वेळ.

"हो," तो म्हणाला.

आणि तो खोलीतून चालत मोरीकडे निघाला. कोंब वळले.

योगिता घट आणि तो, दोन्हीच्या मध्ये उभी होती, म्हणून तिला दोन्ही दिसलं. तो एक पाऊल टाकी, कोंब तेवढेच वळत. तो पाण्याच्या माठाशी थांबला, कोंब थांबले. तो पुढे गेला, कोंब त्याच्या मागे गेले, दारावरून, माठावरून, तिच्या अंगावरून, वाटेत ती नाहीच अशा रीतीने.

स्टीलचं ताट जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. सरलाबाई दारात होत्या. पुरणाचं ताट त्यांनी खाली ठेवलं होतं, टाकलं नव्हतं. त्या मुलाकडे बघत नव्हत्या. घटाकडे बघत होत्या. किती वेळ बघत होत्या, देव जाणे. त्यांच्या तोंडावरचा रंग आधी गेला, मग हळूहळू काहीतरी परत आलं. पण आधी होतं ते नाही.

"आई, भूक लागलीय," ललित मोरीतून म्हणाला.

तो या घरात आईशी अहिराणीतच बोलायचा. जन्मापासून.

सरलाबाई आत आल्या. त्यांनी दार लोटलं, कडी घातली. डोक्यावरचा पदर काढून घेतला आणि वाकून परातीवर पसरला, झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं तसा. पदराखाली काहीतरी हललं, मोरीच्या दिशेने. त्यांनी दोन्ही तळहातांनी ते दाबून धरलं.

"आई," योगिता कुजबुजली, "ते ललित..."

"मना पोऱ्या घर यी गया," सरलाबाई म्हणाल्या. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी सुनेच्या थेट डोळ्यांत पाहिलं. त्या डोळ्यांत धमकी असती तर बरं झालं असतं. विनवणी होती. "तुले काहीच दखायनं नही. काय?"

मोरीत पाण्याचा आवाज सुरू झाला आणि बंद झाला. तो बाहेर आला, पाटावर बसला आणि त्याने हसून तिच्याकडे पाहिलं. छान हसला. कालच्यासारखा.

"नही," योगिता म्हणाली, आणि ताट घ्यायला वळली.

तेवढ्यात गेट पुन्हा वाजलं. जिन्यावर पावलं आली, एकाची नाही, बऱ्याच जणांची, अनवाणी, एका लयीत. एक जोडी समोरच्या दाराशी थांबली, बाकीची वर गेली. शोभाबाईंनी दार उघडलं. "लवकर कसे आज?" त्या मोकळेपणाने म्हणाल्या. त्यांच्या मुली "पप्पा, पप्पा" करत धावल्या.

मग त्यांतली एक मुलगी गप्प झाली. मग दुसरी.